रिओहाची रेड, कोल्हापूरचं ताट

मटणाला रेड वाइन, हा नियम ऐकून कोणी तांबड्या रश्श्याशेजारी ग्लास भरला, तर पहिल्याच घोटाला पस्तावतो. स्पेनची टेम्प्रानिलो कोल्हापुरी ताटात शोभते, पण तिची जागा नीट निवडावी लागते.

टेम्प्रानिलो हे काळ्या द्राक्षाचं वाण. उत्तर स्पेनमध्ये एब्रो नदीच्या खोऱ्यातला रिओहा हा त्याचा सर्वांत नावाजलेला मुलूख. तरुण वाइनला चेरी आणि आलुबुखाराचा वास येतो. मुरल्यावर त्यात तंबाखू, चामडं, सुकं अंजीर उतरतं. आंबटपणा बेताचा, तुरटपणा जाणवेल इतका, अल्कोहोल साधारण 13 ते 14.5 टक्के.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, तेव्हा बोर्दोचे व्यापारी वाइनच्या शोधात रिओहात आले. बोर्दोची 225 लिटरच्या पिंपात वाइन मुरवायची रीत तिथे याच काळात रुजली. पिंपांसाठी मात्र रिओहाने अमेरिकी ओक पसंत केला. बाटलीवरच्या शब्दांवरून मुरवणीचा काळ कळतो. ‘क्रियान्सा’ म्हणजे किमान 2 वर्षं, त्यातलं 1 पिंपात. ‘रेसेर्वा’ म्हणजे किमान 3 वर्षं, त्यातलंही 1 पिंपात. ‘ग्रान रेसेर्वा’ 5 वर्षांची, त्यातली 2 पिंपात.

कोल्हापूरकराच्या कामाची गोष्ट या लाकडातच आहे. अमेरिकी ओकमधून वाइनमध्ये लॅक्टोन नावाची द्रव्यं उतरतात आणि त्यांचा वास चक्क नारळाचा असतो. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ आणि खडा मसाला, तिखट बेताचं. रश्श्यातली चरबी आणि मटणाच्या अर्कातली प्रथिनं वाइनचा तुरटपणा मऊ करतात. म्हणून क्रियान्साचा खरा जोडीदार पांढरा रस्सा. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं मटणाचं सुकं हा दुसरा. त्यातला कांदा-लसूण मसाला मात्र हात राखून घालावा. रिओहातही द्राक्षाच्या वाळक्या काड्यांवर भाजलेल्या कोकराच्या चापांसोबत हीच वाइन पितात.

तांबड्याचं काय बिनसतं? मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या संवेदकांना चेतवतं. अल्कोहोलही त्याच संवेदकांना डिवचतं, त्यामुळे आग शमण्याऐवजी भडकते. तुरटपणाने जीभ कोरडी पडते, फळाचा स्वाद हरवतो आणि हाती उरतो कडवटपणा. ग्रान रेसेर्वासारखी नाजूक, महाग बाटली तर तांबड्यापुढे अगदी वायाच. मटण लोणच्याचंही तेच. ज्या मिरचीने हा घोळ घातला, ती अमेरिका खंडातून निघून स्पेन-पोर्तुगालच्या जहाजांनीच जगभर पसरली आणि पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आली. स्पॅनिश स्वयंपाकात तिचं वाळवून दळलेलं, बहुधा सौम्य रूप टिकलं. कोल्हापूरने तिखटाची बाजू धरली.

टेम्प्रानिलोचं वाण महाराष्ट्राच्या मातीतही रुजलं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात चारोसा वाइनरीने टेम्प्रानिलोची रिझर्व्ह वाइन काढली. स्पेनमध्ये हिवाळ्यात वेल झोपतो आणि द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात. आपल्याकडे वेलाला थंडीची झोप नाही, म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी करून त्याचं वेळापत्रक हाताने बसवावं लागतं. वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. हे वाण लवकर पिकतं आणि उष्णतेत त्याचा आंबटपणा घटतो, म्हणून नाशिकच्या हिवाळ्यातल्या गार रात्री त्याच्या पथ्यावर पडतात.

रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी, हा सल्ला थंड युरोपातला. कोल्हापुरात ती आधी अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवावी. 16 अंशांच्या आसपास अल्कोहोलची धग कमी जाणवते. उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली, तर दोन-तीन दिवस चांगली राहते.

शाकाहारी पंगतीने हिरमुसायचं कारण नाही. रिओहात मसुराचं कालवण आवडीने खातात, आणि कोल्हापूर-सांगलीकडचा अख्खा मसूर त्याचाच सख्खा भाऊ शोभेल. मसुराच्या मातकट चवीला तरुण टेम्प्रानिलोचं फळ छान उठाव देतं. तीळ-शेंगदाण्याच्या कुटाची भरली वांगीही चालतील. मटणाच्या ताटात तांबडा असलाच, तर तो आधी भाकरीसोबत संपवावा, तोंडाची आग पांढऱ्याने निववावी आणि मगच बाटलीचं बूच काढावं.