आधी भिंत ओळखा, मग ड्रिल घ्या
घरगुती हत्यारांच्या खरेदीतले गैरसमज आणि वस्तुस्थिती

बंगळुरूत नवं घर लावताना पडद्याच्या दांड्या, आरसा, पुस्तकांची फळी, गिझरजवळचा हुक अशी दहा बारीक कामं निघतात. तेवढ्यासाठी कारागीर मिळणं अवघड, म्हणून आपणच ड्रिल घ्यायचं ठरतं. के. आर. मार्केटजवळचा एस. पी. रोड, म्हणजे सदर पत्रप्पा रोड, चिकपेट मेट्रो स्टेशनवरून चालत जाण्याइतका जवळ. तिथे एकाच कामाची हत्यारं कितीतरी वेगवेगळ्या किमतींना मिळतात. आपण गोंधळतो आणि खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा बघून पैसे मोजतो. ते आकडे नेमकं काय सांगतात, हे आधी समजून घेतलं तर बरेच पैसे वाचतात आणि हात-डोळेही सुरक्षित राहतात.

गैरसमज : जास्त वॅट म्हणजे जास्त ताकद.

वस्तुस्थिती : वॅटचा आकडा यंत्र किती वीज ओढतं ते सांगतो. त्यातली काही वीज उष्णतेत आणि घर्षणात जाते. बिटच्या टोकाशी किती ताकद पोचते, हे मोटर, गिअर आणि बेअरिंगच्या दर्जावर ठरतं. घरच्या कामाला ५०० ते ६०० वॅटचं, वेग कमी-जास्त करता येणारं आणि उलटं फिरणारं ड्रिल पुरतं. वॅटचा आकडा सॉकेट निवडताना मात्र जरूर बघावा. आपल्याकडे २३० व्होल्टवर ६ अँपिअरचं सॉकेट जास्तीत जास्त १,३८० वॅट पेलतं. त्याहून मोठं यंत्र १६ अँपिअरच्या सॉकेटवरच चालवावं.

गैरसमज : मिनिटाला जितके जास्त ठोके, तितकं काँक्रीटमध्ये भोक लवकर.

वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोके देतात. खोक्यावर मिनिटाला ४० हजारांहून जास्त ठोके लिहिलेले असतात, पण प्रत्येक ठोका अगदी हलका. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबतो आणि त्या हवेच्या जोराने घाव बसतो. घाव मिनिटाला चार-पाच हजारच, पण दोन किलोच्या आसपासच्या यंत्रातही प्रत्येक घावात दोन-तीन ज्यूल ऊर्जा असते. बोटाच्या शंभर टिचक्या आणि हातोडीचा एक घाव यांच्यात असतो तसा हा फरक आहे.

म्हणून आधी भिंत ओळखावी. एक छोटं भोक पाडून प्लास्टरच्या आतली धूळ बघा. लाल धूळ म्हणजे विटा. करडी धूळ आणि बेताचा जोर लागला, तर बहुधा सिमेंटचे भरीव ब्लॉक. बंगळुरूतल्या घरांत ते सर्रास असतात. या दोन्हींना इम्पॅक्ट ड्रिल पुरतं. बिट लोण्यात शिरल्यासारखं सहज गेलं, तर ते हलके एएसी ब्लॉक. तिथे ठोके बंद ठेवून नुसतं फिरवावं आणि एएसीसाठीचे प्लग वापरावेत. बिट जागीच तापू लागलं, पुढे सरकेना, तर आत सळईचं काँक्रीट आहे. ॲल्युमिनियमचे साचे लावून उभारलेल्या नव्या टॉवरमध्ये जवळपास सगळ्या भिंती अशा असतात. तिथे एसडीएस-प्लस बिट बसणारा रोटरी हॅमर लागतो. चार-सहा भोकांचंच काम असेल तर तो दिवसभरासाठी भाड्याने आणणं शहाणपणाचं.

गैरसमज : २० व्होल्टचं कॉर्डलेस १८ व्होल्टपेक्षा ताकदवान.

वस्तुस्थिती : दोन्हींत लिथियमचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचे ३.६ व्होल्ट धरले तर १८ होतात, पूर्ण चार्ज झाल्यावरचे सुमारे ४ धरले तर २०. फरक फक्त मोजण्याचा. त्याच हिशोबाने १२ व्होल्ट आणि १०.८ व्होल्टही एकच. व्होल्टपेक्षा बॅटरीचं घराणं बघावं. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या यंत्राला बसत नाही. एकाच कंपनीच्या हिरव्या घरगुती आणि निळ्या व्यावसायिक मालिकेच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्याही एकमेकींच्या यंत्रांना चालत नाहीत. कॉर्डलेस घेताना पुढची दोन-तीन यंत्रं कोणती लागतील, याचा विचार आधीच करावा.

गैरसमज : मुठीला प्लास्टिक आहे, म्हणजे शॉक लागणार नाही.

वस्तुस्थिती : साधी प्लास्टिकची मूठ पकड चांगली मिळावी म्हणून असते. विजेच्या कामाच्या स्क्रूड्रायव्हरवर आणि पकडीवर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्ट असं छापलेलं असतं. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे असं प्रत्येक हत्यार १०,००० व्होल्टवर तपासलेलं असतं. तरीही कामाआधी एमसीबी खाली पाडायचाच. दुसरीकडे, ड्रिलला दोनच पिनांचा प्लग दिसला की माल हलका, असं अनेकांना वाटतं. यंत्रावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्यात दुहेरी इन्सुलेशन आहे आणि त्याला अर्थिंगची गरजच नसते.

गैरसमज : ग्राइंडरला लाकडाचं पातं लावलं की करवत घ्यायला नको.

वस्तुस्थिती : चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेतो. दातेरी पातं लाकडात अडकलं की यंत्र उसळून अंगावर येतं. लाकडासाठी हातकरवत किंवा जिगसॉ घ्यावी. ग्राइंडरचं गार्ड कधीही काढू नये. कटिंग व्हीलवरची वेगमर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा जास्त असावी आणि मधल्या कड्यावर छापलेली मुदत उलटलेली नसावी.

गैरसमज : शंभर नगांचा सेट स्वस्त पडतो आणि परदेशी नाव म्हणजे खात्री.

वस्तुस्थिती : मोठ्या सेटमध्ये बहुतेक नग छोटी बिटं आणि सॉकेटं असतात, त्यातली थोडीच कामी येतात. त्याच पैशांत नख्यांची हातोडी, कॉम्बिनेशन पकड, चार चांगले स्क्रूड्रायव्हर, ॲडजस्टेबल पाना, पाच मीटरची टेप आणि स्पिरिट लेव्हल सुटं घ्यावं. यासाठी परदेशी नावाची गरज नाही. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत कारखाना असलेल्या टपारियाने १९६९मध्ये स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हातहत्यारं बनवायला सुरुवात केली. त्यांचे पाने आणि पकडी आज देशभरच्या मेकॅनिकांच्या हातात दिसतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळची केपीटी विजेची हत्यारं आणि ब्लोअर बनवते.

नाव कोणतंही असो, खोक्यावर एमआरपी, निर्मात्याचा किंवा आयातदाराचा पत्ता आणि मूळ देश छापलेला हवा. जुन्या बाजारातून पाना, हातोडी किंवा शिकंजा बेलाशक घ्या, पण जुनी बॅटरी घेऊ नका. लिथियमचे सेल न वापरताही म्हातारे होतात.

पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला दोन प्रश्न नक्की विचारा : याचे कार्बन ब्रश सुटे मिळतात का, आणि सर्व्हिस सेंटर बंगळुरूत कुठे आहे? ब्रश ही झिजणारी आणि स्वस्तात बदलता येणारी वस्तू. ती मिळाली तर ड्रिल वर्षानुवर्षं चालतं, नाही तर पहिल्याच बिघाडाला ते कचऱ्यात जातं. ज्याची दुरुस्ती आपल्या शहरात होते, तेच हत्यार खऱ्या अर्थाने स्वस्त.