उत्क्रांतिवादी ज्ञानमीमांसा

जीवजातींप्रमाणे मानवी ज्ञानही भेदांची उत्पत्ती आणि त्यांतून होणारी निवड ह्या दोन प्रक्रियांनी वाढते, ह्या कल्पनेवर आधारलेली ज्ञानमीमांसेतील विचारसरणी. ह्या नावाखाली दोन भिन्न प्रश्नांचा विचार होतो : ज्ञानेंद्रिये, मेंदू इ. ज्ञानसाधने उत्क्रांतीतून कशी सिद्ध झाली, हा पहिला आणि वैज्ञानिक उपपत्ती कशा उद्‌भवतात, टिकतात व लोप पावतात, हा दुसरा. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

चार्ल्स डार्विन ह्याचा जीवजातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर लवकरच विल्यम जेम्स (१८४२–१९१०) ह्याने निवडीचे तत्त्व विचारांच्या विकासाला लावून पाहिले. कोनराट लोरेन्ट्स (१९०३–८९) ह्याने १९४१ मध्ये असे प्रतिपादन केले, की कांटने मानलेले ज्ञानाचे प्रागनुभविक आकार व्यक्तीच्या दृष्टीने अनुभवपूर्व असले, तरी जीवजातीच्या दृष्टीने ते दीर्घ अनुभवाचे फलित होत. कार्ल पॉपर (१९०२–९४) ह्याच्या मते विज्ञानाची प्रगती धाडसी अटकळी आणि त्यांचे निरसन ह्यांतून होते. चूक झाली, तर अमीबा तिच्यासह नष्ट होतो. वैज्ञानिक मात्र आपल्या ऐवजी आपल्या अभ्युपगमाला नष्ट होऊ देतो. ‘उत्क्रांतिवादी ज्ञानमीमांसा’ हे नाव रूढ झाले, ते डॉनल्ड कँबेल (१९१६–९६) ह्याच्या १९७४ मधील निबंधामुळे.

ह्या प्रक्रियेचे बोलके उदाहरण खगोलशास्त्रात सापडते. युरेनस (प्रजापती) हा ग्रह न्यूटनच्या सिद्धांतानुसार अपेक्षित मार्गापासून ढळताना दिसे. एखादा अज्ञात ग्रह त्यास कारण असावा, असा अभ्युपगम ल व्हेर्ये (१८११–७७) ह्या फ्रेंच ज्योतिर्विदाने मांडला आणि त्याने वर्तविलेल्या स्थानाजवळच १८४६ मध्ये नेपच्यून (वरुण) सापडला. बुधाच्या कक्षेतील विसंगतीसाठी त्याने १८५९ मध्ये तसाच उपाय योजला. परंतु सूर्याजवळचा तो कल्पित ‘व्हल्कन’ ग्रह कधीही आढळला नाही. बुधाचा उपसूर्य बिंदू शतकाला सु. ४३ विकला अधिक का सरकतो, ह्याचा उलगडा १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताने केला. एकाच बुद्धीतून निघालेल्या दोन सदृश कल्पनांपैकी कोणती टिकावी, हे कर्त्याच्या अधिकारावर नव्हे, तर निसर्गाने दिलेल्या कौलावर ठरले.

ह्या साम्यावरील पहिला आक्षेप असा, की जैव भेद दिशाहीन असतात. वैज्ञानिकाच्या कल्पना मात्र हेतुपूर्वक रचलेल्या असतात. कँबेलच्या मते भेद ‘अंध’ असणे म्हणजे यदृच्छेने घडणे नव्हे. त्याच्या यशाची शाश्वती आधी नसणे, एवढाच त्याचा अर्थ. नेपच्यून व व्हल्कन ह्या दोन्ही कल्पनांमागे सारखेच ज्ञान होते; तरीही त्यांचे भवितव्य आधी सांगता येण्यासारखे नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उत्क्रांतीला पूर्वनियोजित ध्येय नसते. मग विज्ञान सत्याकडे जाते, असे कशावरून म्हणावे? टॉमस कून (१९२२–९६) ह्याने १९६२ मध्ये ह्याच साम्याच्या आधारे असे सुचविले, की विज्ञानाची प्रगती पूर्वस्थितीपासून पुढे होते. ती सत्याच्या दिशेने होते, असे मानण्याची गरज नाही. व्हान फ्रासेन ह्याने १९८० मध्ये असे प्रतिपादिले, की अयशस्वी उपपत्ती टाकून दिल्या जात असल्यामुळे उरलेल्या यशस्वी दिसतात, ह्यात नवल नाही. उलटपक्षी पॉपरने १९६३ मध्ये सत्यसन्निकटतेची व्याख्या दिली. परंतु तिच्यानुसार एक असत्य उपपत्ती दुसऱ्या असत्य उपपत्तीपेक्षा सत्याच्या अधिक जवळ ठरूच शकत नाही, हे डेव्हिड मिलर व पाव्हेल टिखी ह्यांनी १९७४ मध्ये स्वतंत्रपणे सिद्ध केले. ह्या संकल्पनेची निर्दोष मांडणी करण्याचे प्रयत्न त्यानंतरही चालू राहिले.

निवडीच्या तत्त्वाने उपपत्ती का टिकली हे कळते. ज्या कसोट्यांसाठी ती रचलेली नव्हती, त्यांनाही ती का उतरते, हे मात्र त्याने स्पष्ट होत नाही. वास्तववादी विचारवंतांचा भर ह्याच मुद्द्यावर असतो. तथापि केवळ टिकाव हे सत्याचे गमक नव्हे. न्यूटनचा सिद्धांत दोन शतकांहून अधिक काळ निर्वेध मानला गेला, तरी तो काटेकोरपणे सत्य नव्हता. मात्र दुर्बल गुरुत्वाकर्षण व अल्प वेग ह्या मर्यादेत नव्या सिद्धांतातून त्याचीच समीकरणे निष्पन्न होतात. निवडीत जुने ज्ञान समूळ नष्ट होत नाही. त्यातील ग्राह्यांश आणि त्याच्या मर्यादा, दोन्ही नव्या ज्ञानात समाविष्ट होतात. अर्थात निवड करणारी परिस्थिती म्हणजे निसर्गाशी होणारा सामना असेल, तरच हे घडते. प्रतिष्ठा, सत्ता वा रूढी ह्यांनी निवड होऊ लागल्यास उपपत्ती टिकतील. पण त्यांच्या टिकण्याचा सत्याशी संबंध राहणार नाही. म्हणूनच मुक्त टीका आणि कठोर परीक्षण ह्यांना ह्या विचारसरणीत मध्यवर्ती स्थान आहे.