उंच काचपेटीत मासे : किती, कोणते आणि कसे?



मुलांच्या हट्टापायी म्हणा, नाहीतर घराला शोभा म्हणून म्हणा, खेड्यातही काचपेटीत मासे पाळले जातात. उंच पेटी जागा कमी अडवते म्हणून पुष्कळजण तीच आणतात. मग पंधरा दिवसांत मासे मरतात आणि पेटी माळ्यावर जाते. यात नशिबाचा दोष नाही, हिशेब चुकतो.

पाण्याचे तोंड मोजा : २ फूट लांब, १ फूट रुंद व २ फूट उंच पेटीत सुमारे ११३ लिटर पाणी मावते. ४ फूट लांब, १ फूट रुंद व १ फूट उंच पेटीतही तेवढेच मावते. पण पहिलीचे तोंड २ चौरस फूट, तर दुसरीचे ४. हवेतला प्राणवायू या तोंडातूनच पाण्यात शिरतो. म्हणून उंच पेटीत मासे निम्मेच सोडावेत. भरल्यावर पेटीचे वजन दीड क्विंटलच्या घरात जाते. तेव्हा बैठक भक्कम व सपाट हवी.

सजावट : मोठे दगड आधी तळाशी बसवावेत, मग भोवती धुतलेली वाळू घालावी, म्हणजे ते कलंडत नाहीत. दगडावर लिंबू पिळून पाहा. फेस आला तर तो चुनखडीचा, घेऊ नका. मागच्या बाजूला लांब पट्टीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया लावावी. उंच पेटीत तळाशी उजेड कमी पोचतो, तेथे जावा फर्न चालते. पेटी उन्हात ठेवू नये, शेवाळ माजते.

विरजण लागू द्या : माशांच्या विष्ठेतून अमोनिया हे विष तयार होते. ते पचवणारे जिवाणू गाळणीच्या स्पंजात वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. ओळखीच्या जुन्या पेटीतला स्पंजाचा तुकडा आणून टाकला, तर विरजणासारखे काम लवकर होते. तरीही मासे एकदम सोडू नयेत, थोडे थोडे सोडावेत.

कोणते मासे? ज्वारीत आपण तूर पेरतो. एकीची मुळे वर, दुसरीची खोल. तसेच इथेही. वरच्या थरात ८ झेब्रा मासे, मधल्या थरात ४ लहान एंजल, तळाशी ५ कोरीडोरास. एंजलचे अंग व पर उभे असतात, त्याला उंच पेटी मानवते. त्याच्यासोबत गप्पी ठेवू नये, तो गिळतो; टायगर बार्बही नको, तो एंजलचे पर कुरतडतो.

रोजची निगा : दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. तळाच्या माशांना बुडणारे खाद्य वेगळे टाकावे. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. क्लोरीनचे नळपाणी २४ तास उघडे ठेवून मगच वापरावे. पेटीत हात घालण्यापूर्वी विजेचे बटण बंद करावे. वीज गेली की हवेचा पंप थांबतो आणि उंच पेटीत मासे वर येऊन धापा टाकू लागतात. अशा वेळी तांब्याने पेटीतलेच पाणी उचलून वरून धार धरावी.

सर्वांत महत्त्वाचे : फवारणी करून आल्यावर पेटीला हात लावू नका. कीटकनाशकाची फवारणीची बादली पेटीसाठी कधीच वापरू नका. फवारलेल्या शेतालगतच्या ओढ्यातल्या वनस्पतीही आणू नका. सायपरमेथ्रीनसारख्या औषधाचा अंशही माशांचा जीव घेतो. तेच औषध ओढ्यात गेले तर तिथल्या माशांचेही तेच होते, हे पंप धुताना आठवा.

आणि पाळण्याचा कंटाळा आला तर हे परके मासे नदी-तळ्यात सोडू नका. दुसऱ्या हौशी माणसाला द्या.