तयार आज्ञावलींचे भांडार

पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीत यंत्र दुरुस्त करणारा कारागीर बोल्ट स्वतः घडवीत बसत नाही. ठरीव मापाचा बोल्ट दुकानातून आणतो. संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यांचेही तसेच आहे. वर्गमूळ काढणे, शेकडो समीकरणे एकदम सोडविणे, ही कामे करणाऱ्या आज्ञावली कोणीतरी पूर्वीच लिहून ठेवलेल्या असतात. त्यांच्या संग्रहास लायब्ररी म्हणतात.

म्हणून संगणकाची भाषा निवडताना ती सोपी की अवघड, एवढेच पाहून भागत नाही. तिच्या भांडारात काय आहे, हेही पाहावे लागते. १९५७ साली आलेली फोर्ट्रान भाषा आज रुक्ष वाटेल. परंतु तारापूरला १९६९ साली सुरू झालेल्या अणुवीजकेंद्रासारख्या ठिकाणी भट्टीतील उष्णतेचे व न्यूट्रॉनांचे जे किचकट गणित करावे लागते, त्याच्या आज्ञावली जगभर मुख्यतः याच भाषेत लिहिल्या गेल्या. वर्षानुवर्षांच्या वापराने त्या पारखल्या गेल्या. त्या नव्या भाषेत पुन्हा लिहावयाच्या, तर नव्या चुका शिरावयाच्या! पायथनसारखी अलीकडची भाषाही मोठी समीकरणे सोडविताना पुष्कळदा फोर्ट्रानच्या लायब्ररीचाच आधार घेते.

मात्र पारखलेली वस्तूही कोठे बसवावयाची, हे पाहावेच लागते. युरोपच्या एरियान-४ या अग्निबाणातील आज्ञावलीचा एक भाग एरियान-५ मध्ये जसाच्या तसा घेतला होता. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग अधिक. त्याचा आकडा ठरवून दिलेल्या जागेत मावेना. ४ जून १९९६ रोजी, उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आतच, तो अग्निबाण आकाशात फुटला.