घरच्या बैठकीचे पुस्तक

आपल्या जालना जिल्ह्यातील जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थांचा ‘दासबोध’ घ्या. २० दशक, प्रत्येकात १० समास. एक समास म्हणजे साधारण एक बैठक. ऐकणारा कंटाळण्यापूर्वीच वाचणारा थांबे. निजामी राजवटीत, १९४८ पर्यंत, येथील वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. तेव्हा ग्रंथातली मराठी पुष्कळ मुलांच्या कानी पडली ती घरच्या पोथीवाचनातून. आज बरीच मुले इंग्रजी शाळांत जातात, आणि वेळ जवळजवळ तीच आली आहे.

म्हणून पुस्तक घेताना आम्ही पहिले माप बैठकीचे लावतो. जेवणानंतर एका बसणीत प्रकरण संपते काय? साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त (१९३५) प्रकरणांना ‘रात्र’ असेच नाव आहे. रोज एकच रात्र वाचावी. पुढची मुले स्वतःच मागतात.

दुसरी कसोटी जिभेची. दुकानातच एक पान हलक्या आवाजात वाचून पाहावे. (दुकानदार बघेल, बघू द्या!) वाक्याच्या मध्येच दम तुटत असेल, तर चित्रे कितीही सुरेख असोत, पुस्तक खाली ठेवावे. अवघड शब्दांना मात्र भिऊ नये. अर्थ सांगायला आजी बसलेली असते.

राहिला वयाचा प्रश्न. मुलगी सहा वर्षांची, मुलगा बाराचा, तर पुस्तक कोणाच्या बेताचे घ्यावे? आम्ही थोरल्याच्या बेताचे घेऊ. धाकटीला निम्मे कळले तरी ती मांडी घालून ऐकते. तिच्या बेताचे घेतले, तर थोरला दुसऱ्या दिवशी बैठकीला येत नाही.