विकर-निरोधक आणि न्यूरोब्लास्टोमा पेशींचे विभेदन

प्रस्तावना
न्यूरोब्लास्टोमा हा प्रामुख्याने पाच वर्षांखालील बालकांत आढळणारा कर्करोग होय. अनुकंपी चेतासंस्था घडविणाऱ्या अपरिपक्व पेशी परिपक्व न होता विभाजित होत राहिल्याने तो उद्भवतो. काही तान्ह्या बालकांत मात्र हे अर्बुद उपचारांविना विरते किंवा परिपक्व होऊन सौम्य बनते. त्यामुळे पेशी नष्ट करण्याऐवजी तिचे विभेदन घडवून आणता येईल काय, हा प्रश्न पुढे आला.

पेशीसंवर्धनातील पुरावा
भारतीय वंशाचे संशोधक केदार प्रसाद व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत १९७१-७२ च्या सुमारास उंदराच्या न्यूरोब्लास्टोमा पेशींवर प्रयोग केले. पेशीतील चक्रीय एएमपी या संदेशवाहक रेणूचे फॉस्फोडायएस्टरेज हे विकर विघटन करते. पॅपॅव्हरिनसारख्या निरोधकाने हे विकर रोखले असता चक्रीय एएमपीचे प्रमाण वाढले, विभाजन मंदावले आणि पेशींना चेतापेशींसारखे तंतू फुटले. तथापि तंतू फुटणे म्हणजे पूर्ण विभेदन नव्हे. विभाजनक्षमता कायमची लोपली काय, हेही तपासावे लागते. अशा अभ्यासासाठी लागणाऱ्या न्यूरो-२ए व आयएमआर-३२ या पेशीमालिका पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीभांडारात जतन केल्या आहेत.

उपचारातील स्थान
उपचारात रूढ झालेले विभेदनकारी औषध आयसोट्रेटिनॉइन हे विकर-निरोधक नाही. रेटिनॉइक आम्लाच्या या रूपामुळे केंद्रकातील ग्राहींमार्फत जनुकांची अभिव्यक्ती बदलते. याउलट डीएफएमओ हे औषध ऑर्निथिन डिकार्बोक्झिलेज या विकराचे अपरिवर्तनीय निरोधन करते. परिणामी पेशीवाढीस आवश्यक पॉलिअमाइने घटतात. उच्च जोखमीच्या ज्या रुग्णांनी आधीच्या उपचारांना प्रतिसाद दिला, त्यांच्यात रोग उलटण्याचा धोका कमी करण्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२३ मध्ये त्यास मान्यता दिली. मात्र आधारभूत अभ्यासात तुलनेचा गट बाह्य होता, यादृच्छिक विभागणी नव्हती. शिवाय या औषधाचा मुख्य परिणाम वाढ रोखण्याचा आहे.

समारोप
विकर रोखणे, वाढ थांबणे आणि विभेदन होणे या तीन भिन्न घटना आहेत. वसई-विरार परिसरातील प्राध्यापकांना पदवी वर्गात मॅलोनेटच्या परिचित उदाहरणानंतर हा विषय मांडता येईल. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट धरणाऱ्या पालकांच्या दृष्टीने संवर्धनपात्रातील यश आणि सिद्ध औषध यांतील अंतर फार मोठे असते. ते अंतर विद्यार्थ्यांना नेमकेपणाने समजावून देणे हे विज्ञानशिक्षकाचे कर्तव्य ठरते.