वक्र भिंतीमागचे गणित

वेरूळचे दहावे लेणे आपल्या परिसरात 'सुतार की झोपडी' म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या कमानदार छताच्या दगडी फासळ्या लाकडी वाशांसारख्या कोरल्या आहेत. असे वक्राकार आज संगणकावर कसे साधतात, हे आम्ही बार्सिलोनाच्या सग्रादा फमिलिया, अर्थात पवित्र कुटुंबाच्या महामंदिराच्या उदाहरणाने सांगू इच्छितो.

वास्तुकार अंतोनी गाऊदी १९२६ साली निवर्तले. १९३६ मध्ये यादवी युद्धाच्या आरंभी त्यांची कार्यशाळा जाळण्यात आली व प्लास्टरचे नमुने फोडले गेले. उरले ते तुकडे. मात्र गाऊदींचे वक्र मनास येईल तसे काढलेले नव्हते. वेताच्या गोल स्टुलाच्या सरळ काड्या तिरक्या लावल्या की मध्ये बारीक कंबर तयार होते, हाच 'हायपरबोलॉइड'. कंबरेची रुंदी व काड्यांचा कल ठरला की सारा पृष्ठभाग ठरतो. म्हणूनच तुकड्यांवरून मूळ आकडे शोधणे शक्य होते.

१९९० च्या दशकात वास्तुकार मार्क बरी ह्यांनी त्यासाठी विमाने घडविण्याचे 'कातिया' हे सॉफ्टवेअर वापरले. एक आकडा बदलला की शेजारच्या वक्रांशी होणारे छेदही आपोआप नव्याने आखले जात. ह्यालाच पॅरामेट्रिक पद्धत म्हणतात. पूर्वी प्रत्येक प्रयत्न प्लास्टरमध्ये करावा लागे. पडद्यावर मोहक वक्र कोणीही काढील. पाथरवटाला तो घडवता यावा, ही आमच्या मते खरी कसोटी. सरळ रेषांतून जन्मलेला वक्र तेथे उतरतो.

७ नोव्हेंबर २०१० रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी महामंदिराचे पवित्रीकरण केले, तेव्हा मुख्य सभागृहावर छत चढलेले होते.